बेल समजून

आमच्या ग्रुपच्या पुढाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. गृहस्थ मूळचे पुण्याचे, टोरांटोत एका बँकेत सॉफ्टवेअरचं काहीतरी मोठं काम करतात, आणि त्यांच्या डोक्यात एखादी कल्पना शिरली की आम्हां सात कुटुंबांचा उन्हाळा त्यात जातो. त्या वर्षीची कल्पना होती तंबूत राहायची. क्युबेकच्या डोंगरात, मेपल आणि बीचच्या दाट जंगलात, तीन दिवस. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ऑन्टारिओत सुट्टी असते आणि क्युबेकमध्ये नसते, म्हणून तिथे एवढ्या मोठ्या घोळक्याला जागा मिळाली. हे त्यांनी आम्हांला इतक्या वेळा सांगितलं की ती सुट्टी त्यांनीच मंजूर करून आणली असावी असं वाटायला लागलं होतं.

सगळा दोष त्यांच्या गळ्यात घालून मला मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. बरेच दिवस मी तसा प्रयत्न केला.

त्या वर्षी एप्रिलअखेर आई रत्नागिरीहून माझ्याकडे आली होती. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. आई तिथे फ्लॅटमध्ये एकटी, मी इथे टोरांटोच्या एटोबिको भागात, आणि मला भाऊबहीण कुणी नाही. रोज इकडच्या सकाळी फोन करायचा आणि तिने दुसऱ्या रिंगला उचलला नाही की मी शेजारच्यांचा नंबर लावायला घ्यायचे. मला तिला कायमचं आणायचं होतं. आईवडिलांसाठी इथे सुपर व्हिसा मिळतो, त्यावर सलग पाच वर्षं राहता येतं. कागद मी जमवून ठेवले होते, नवऱ्याची हरकत नव्हती, खालची खोली रंगवून घेतली होती. फक्त आईने हो म्हणायचं होतं आणि ते ती म्हणत नव्हती. आधी म्हणाली, जावयाच्या घरी किती दिवस राहायचं? नवऱ्याने स्वतः तिला समजावलं तेव्हा ते कारण संपलं. मग म्हणाली, बघू. जुलैअखेर मी अगदी हातघाईवर आले, कारण तिचं परतीचं तिकीट ऑगस्टच्या मध्याचं होतं. तेव्हा म्हणाली, “त्या जंगलात जाऊन येऊ, मग सांगते.”

त्यामुळे मला ती ट्रिप बिनचूक व्हायला हवी होती. बाकीच्यांसाठी तो लाँग वीकेंड होता. माझ्यासाठी आईची पुढची पाच वर्षं त्या तीन दिवसांवर लटकलेली होती.

तो सगळा उन्हाळा आई माझ्या घरात कशी होती, हेही सांगायला हवं. मी आणि नवरा कामावर, मुलगी सोळा वर्षांची, ती तिच्या उद्योगात. आई घरात एकटी. पहिल्याच आठवड्यात तिने लसणीची फोडणी केली आणि स्मोक अलार्म वाजला. ती बिचारी घाबरून स्टूल घेऊन त्याच्याखाली उभी, हातात झाडू. मी घरी आले आणि म्हटलं, आई, स्टोव्हला हात लावू नकोस, मी आल्यावर करते. ती म्हणाली, “बरं.” मग तिला थंडी वाजली म्हणून तिने भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची बटणं दाबली आणि वरच्या मजल्याची भट्टी झाली. त्यालाही हात लावू नकोस. बरं. ड्रायरमध्ये नवऱ्याचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा झाला. बरं. हिरव्या, निळ्या आणि काळ्या डब्यांत कचरा कसा टाकायचा ते तिला दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा म्हटलं, राहू दे, तू ओट्यावर ठेव, मी टाकीन. बरं. मला तेव्हा वाटायचं मी तिची किती काळजी घेतेय. तिला काडीचंही काम पडू देत नाही.

आता माझ्या नोकरीबद्दल. मी विमानतळाजवळच्या एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये सेफ्टीचं काम बघते. तिथे पंजाबी आहेत, फिलिपिनो आहेत, सोमाली आहेत. यंत्रात हात घालू नये, फोर्कलिफ्टच्या मागून जाऊ नये, हे त्या सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगायचं, हे माझं पोट भरण्याचं साधन. नवीन माणूस आला की मी त्याच्या हातात कागद देत नाही. त्याला यंत्रापाशी नेते, बोटाने दाखवते, आणि त्याच्याकडून परत वदवून घेते. कागदावर सही घेऊन सेफ्टी होत नाही, असं मी दर महिन्याच्या मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगते.

साहजिकच ट्रिपची सेफ्टी माझ्याकडे आली. पार्कने सूचना पाठवल्या होत्या. खाण्याच्या वस्तू तंबूत ठेवू नका, अस्वलं येतात. सरपण घरून आणू नका, त्यातून झाडांना किडे लागतात. आणि पॉयझन आयव्ही. हे एक बुटकं, चकचकीत पानांचं झुडूप, प्रत्येक देठाला तीन पानं, मधलं पान जरा लांब देठावर. त्याच्या पानाला, फांदीला, मुळाला तेल असतं. ते कातडीला लागलं की लगेच काही कळत नाही, दोन दिवसांनी फोड येतात आणि तीन आठवडे माणूस हैराण होतो. मी त्याचे फोटो गोळा केले, लाल बाण काढले, इंग्रजीत सहा मुद्दे लिहिले आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. सातही घरांतून अंगठे आले. पुढाऱ्यांनी तर टाळ्यांची चित्रं टाकली.

आई त्या ग्रुपमध्ये नव्हती.

शनिवारी दुपारी पोचलो. जागा खरंच सुंदर होती, यात पुढाऱ्यांचं काही कर्तृत्व नाही. डोंगराच्या कुशीत सपाट तुकडा, चहूबाजूंनी मेपल, मधूनच पिवळ्या सालीचे बर्च, बीचचे राखाडी गुळगुळीत बुंधे, आणि पलीकडे पाच मिनिटांवर तळं. ऊन खाली येईपर्यंत हिरवं होऊन येत होतं. पहिली पंधरा मिनिटं सगळे माना वर करून झाडंच बघत होते. मग पुढाऱ्यांनी स्पीकर लावला, कुणीतरी दोन प्रेशर कुकर काढले, आणि सात तंबू ठोकताना सात नवऱ्यांनी एकमेकांना जे सल्ले दिले त्यात संध्याकाळ झाली.

नंतर विस्तवाची वेळ आली. पाच इंजिनियर शेकोटीसाठी रोवलेल्या लोखंडी कड्याभोवती उकिडवे बसले. पार्कमधून विकत घेतलेली लाकडं जाडजूड होती आणि जरा ओलसर. त्यांनी कागद जाळला, पेटवायचं तेल ओतलं, एकाने यूट्यूब लावलं. धूर भरपूर, जाळ नाही. आई माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर बसली होती. हळूच म्हणाली, “मी लावू का?”

“राहू दे गं आई, हात काळे होतील.”

“बरं.”

पण नवऱ्याने ऐकलं होतं. म्हणाला, “आई, तुम्ही बघा बरं. आमच्याच्याने नाही होत.”

ती उठली. सगळी लाकडं तिने बाहेर काढायला लावली. माझ्या मुलीला खाली पडलेली बर्चची साल आणायला पिटाळलं. एका माणसाला कुऱ्हाडीने बारीक ढलप्या काढायला बसवलं, आणि तो पुढाऱ्यांचाच मेहुणा होता. खाली वाऱ्याला जागा ठेवून चूल रचली. मग इकडेतिकडे बघितलं, तंबूच्या काठीचा एक पोकळ तुकडा उचलला आणि फुंकणी म्हणून तोंडाला लावला. तीन फुंकरांत जाळ उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी मुलगी म्हणाली, “आजी, दॅट वॉज सो कूल!” आईने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि काळा पट्टा ओढला गेला. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढचा सगळा रविवार ती त्या कॅम्पची मालकीण होती. चहा चुलीवरच होईल, असं तिने जाहीर केलं आणि झाला. पिठलं तिने केलं. दुपारी नातीला घेऊन जंगलात गेली. नात इंग्रजीत झाडांची नावं सांगायची, आजी मराठीत त्यांची चौकशी करायची, आणि दोघींचं काही अडत नव्हतं. मी थोडं मागून चालत होते. आई प्रत्येक बुंध्याला हात लावत होती. बीचच्या झाडाला तर थांबून तळवा टेकवला आणि म्हणाली, “हे बघ किती गार आहे.”

संध्याकाळी उन्हं कलली तेव्हा आम्ही दोघी तळ्याच्या काठाला बसलो होतो. ती म्हणाली, “अगो, इथे बरं वाटतंय मला. जमेलसं वाटतं.”

मी मान वळवली नाही. वळवली असती तर रडले असते. म्हटलं, “घरी गेल्यावर बोलू.” मनातल्या मनात मी व्हिसाचा फॉर्म भरायला घेतला होता.

आम्ही परत येतो तर पुढारी खुर्चीवर उभे राहून घोषणा करत होते. उद्या श्रावणी सोमवार आहे हे कुणाच्या लक्षात आहे का? आपण तळ्याकाठी वाळूची पिंड करायची, आजी पूजा सांगतील, मुलांना जरा कल्चर कळेल.

आईचा चेहरा उजळला. म्हणाली, “करूया की. पण बेल कुठून आणायचा हो?”

“आजी, कॅनडा आहे हा! तीन पानं असलेलं काहीही आणा, महादेव अ‍ॅडजस्ट करून घेतील.”

सगळे हसले. मीही हसले. सेफ्टीची बाई मी, तीन पानांखाली लाल बाण काढून आले होते, कान माझे शाबूत होते, आणि मी त्या विनोदाला खळखळून हसले. हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. त्या माणसाने निदान माझा मेसेज वाचला नव्हता. मी तो लिहिला होता.

सोमवारी सकाळी मी आणि मुलगी आंघोळीला गेलो. शॉवरची इमारत लांब आणि पुढे रांग, आम्हांला तासभर लागला. परत आलो तर आई लाकडी टेबलाशी बसली होती. पहाटेच आंघोळ करून, ठेवणीतला ड्रेस घालून. समोर स्टीलचं ताट, ताटात हिरवीगार पानांची रास. एकेक त्रिदळ उचलायची, ओढणीच्या टोकाने पुसायची, किडलेलं बाजूला टाकायची, चांगलं ताटात रचायची. एकशे आठ करायची होती. भोवती तीनचार बायका कौतुकाने बघत बसलेल्या.

मला बघून तिने एक पान वर धरलं. “अगो, ये लवकर, बघ तरी! बेल आहे इथे! तळ्याच्या वाटेला हा एवढा पसरलाय. पानं जरा मऊ आहेत, इकडच्या हवेत तसं व्हायचंच. आणि लोकांना किंमत आहे हो त्याची, पाटीपण लावलीय चित्र काढून. मग मला इथे राहायला काय हरकत आहे!”

ती हो म्हणत होती. चार महिने मी ज्याची वाट बघत होते ते ती बोलत होती, आणि मी फक्त ताट बघत होते.

मी ओरडले. ओरडले म्हणजे तळ्याच्या पलीकडच्या माणसांनी ऐकलं असेल. “टाक! टाक ते खाली! किती वेळा सांगितलं कशालाही हात लावू नकोस म्हणून! काही अक्कल आहे की नाही तुला?” धावत जाऊन मी ताटाला लाथ घातली. हो, लाथ, कारण हाताने धरायची मला भीती वाटली. ताट खणखणत जमिनीवर गेलं, पानं उधळली. आईच्या हातातलं ते एक पान तसंच वर होतं.

सात कुटुंबं बघत होती. अक्कल आहे का, हे मी माझ्या आईला विचारलं होतं, तिने देवासाठी आणलेल्या पानांना लाथ मारून. आणि किती वेळा सांगितलं म्हणे! त्या पानांबद्दल मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

माझी मुलगी म्हणाली, “मॉम, स्टॉप येलिंग. शी डिडन्ट नो.”

तेवढ्यात पुढारी पुढे सरसावले. “अहो ताई, एवढं काय झालं? देवाचं आहे, काही होत नाही.” आणि पेपर टॉवेलने ती पानं गोळा करून ते निघाले विस्तवाकडे. “निर्माल्य समजून जाळून टाकतो, विषय संपला.”

पॉयझन आयव्ही जाळली की तिचं तेल धुरातून घशात आणि छातीत जातं, माणूस हॉस्पिटलात पोचतो. हे माझ्या मेसेजमधल्या सहा मुद्द्यांपैकी पाचवा मुद्दा होता. मी त्यांच्यावरही ओरडले, आणि त्यांना जे बोलले ते इथे लिहिणार नाही. त्यांनी पानं खाली टाकली आणि म्हणाले, “ताई, टोन बघा जरा तुमचा. मुलं आहेत इथे.” मला आजही त्या ओरडण्याचं काही वाटत नाही. ते ओरडणं योग्य होतं.

मग आम्ही आईला नळाशी नेलं. मुलीने पाणी धरलं, मी भांड्यांचा साबण लावून कोपरापर्यंत चोळचोळ चोळलं, तीनदा, चारदा. मला माहीत होतं की पानं तोडून तास उलटून गेलाय आणि आता फार उपयोग नाही. आई हात पुढे करून उभी होती. शेवटी मीच सांगायला लागले, त्या पानात तेल असतं, ते कातडीला लागलं की...

“म्हणजे बिब्ब्यासारखं?” ती म्हणाली.

मी साबण खाली ठेवला.

“उततं का ते? बिब्बा उततो तसं?”

“हो.”

“आणि धूरही वाईट. काजू भाजताना आम्ही वाऱ्याच्या बाजूला कुणाला उभं राहू देत नसू. सालीचं तेल उडतं, धुराने तोंडं सुजतात.” तिने ओल्या हातांकडे बघितलं. “बिब्बा म्हणायचं होतंस गो. मी लांबूनच नमस्कार केला असता.”

एक शब्द. लाल बाण नकोत, सहा मुद्दे नकोत. कोकणातल्या बाईला बिब्बा कुणी समजावून सांगावा लागत नाही. तिचं सगळं लहानपण काजूच्या झाडांखाली गेलं, तिला त्या तेलाची माहिती माझ्यापेक्षा आणि त्या पार्कच्या माणसांपेक्षा जास्त होती. वेअरहाऊसमध्ये नव्या पोरींसाठी मी पंजाबीतले शब्द विचारून घेते. आईसाठी मला मराठी शब्द शोधावासा वाटला नाही, कारण आईला सांगायची गरज आहे असंच मला वाटलं नव्हतं. ती काय करणार होती, खुर्चीवर बसून राहणार होती.

मी तोंडाने काय म्हटलं? म्हटलं, “मेसेज ग्रुपवर टाकला होता.”

आई म्हणाली, “बरं.”

नंतर पार्कची एक तरुण मुलगी गाडी घेऊन आली. तिने पानांकडे बघितलं, फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटली, मग इंग्रजीत म्हणाली की वाटेवर पाटी आहे, तुम्ही पाहिली नाही का. मी ती पाटी बघून आले. फ्रेंच मजकूर, खाली इंग्रजी मजकूर, आणि वर ठळक, सुबक, तीन पानांचं हिरवं चित्र. त्यावर काट नाही, कवटी नाही, काही नाही. ती अक्षरं न वाचणाऱ्या माणसाने काय समजावं? मी असली पाटी वेअरहाऊसमध्ये लावली असती तर माझी नोकरी गेली असती. तिथेच उभी राहून मी पार्कला, फ्रेंचला, इंग्रजीला, पुढाऱ्यांना, सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. तेवढ्याने काही भागलं नाही.

पूजा झाली नाही. वाळूची पिंड काठावर तशीच राहिली.

बुधवारी आईच्या हातांवर फोड उठले. दोन्ही तळहातांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटं. ओढणीने मान पुसली असावी, तर गळ्याभोवतीही पट्टा. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, हाताला पट्ट्या बांधल्या. त्याच दिवशी पुढाऱ्यांनी ग्रुपवर फोटो टाकले, खाली लिहिलं, ‘एक छोटासा इन्सिडेंट वगळता सर्वांनी खूप एन्जॉय केलं.’ मी आईच्या हातांचा फोटो तिथे टाकला आणि ग्रुप सोडला. पोरकटपणा होता, पण त्यातल्या त्यात जरा बरं वाटलं.

मी कामावरून रजा घेतली. आईला भरवायचे, तिची वेणी घालायचे, औषध लावायचे. तिने हूं की चूं केलं नाही. रात्री खाज सुटली की बोटं मुडपून बसायची. मी तिची माफी मागितली, तर म्हणाली, “अगो, घाबरलीस म्हणून ओरडलीस. कळतं मला.” हे इतकं सहज म्हणाली की मला वाटलं अजून आशा आहे. चौथ्या की पाचव्या दिवशी भात कालवताना मी विषय काढला.

“जंगलातून आल्यावर सांगणार होतीस.”

“हो. नको गो. मी जाते आपली.”

“त्या सोमवारमुळे?”

“छे. तिथे मजा आली मला.” तिने घास संपवला. “पण जंगल तीनच दिवसांचं. मग परत इथेच ना? तुझ्या घरात कशालाही हात लावायचा म्हणजे आधी विचारावं लागतं. रत्नागिरीला मी अंधारात उठले तरी बटण कुठे आहे ते माझ्या हाताला ठाऊक असतं.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी हातातला घास ताटलीत ठेवला. म्हटलं, मी तुला काय अडवलं? कधी अडवलं? तुला काम पडू नये म्हणून मी मर मर मरते आणि तू असं म्हणतेस? खालची खोली कुणासाठी रंगवली? आईने पट्ट्यांचे हात मांडीवर ठेवले आणि माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भात गार होतोय.”

मी चांगली रागावले तिच्यावर. आजारी आईवर, हो. दोन दिवस कामापुरतं बोलले. नवरा म्हणाला, त्या म्हणतात त्यात तथ्य आहे, तर त्याच्याशीही भांडले. हिला उपकाराची जाण नाही, असंही मनातल्या मनात म्हणून झालं. चार महिने मी तिला तळहातावर जपलं होतं आणि तिला ते कैदेसारखं वाटावं, हा मला धडधडीत अन्याय वाटत होता.

जायच्या दिवसापर्यंत पट्ट्या निघाल्या होत्या. कातडी गुलाबी, ठिकठिकाणी सोलवटलेली, पण दुखणं थांबलं होतं. विमानतळ आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. नवऱ्याने आम्हांला दारात सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. मी ट्रॉली आणली. तिची एक मोठी बॅग, एक लहान. लहान बॅगेत तिची पोथी, औषधं आणि नातीने दिलेला बर्चच्या सालीचा तुकडा. आईने ती लहान बॅग उचलायला हात पुढे केला.

“आई, हात लावू नकोस,” मी म्हटलं. “मी घेते.”

तिने हात मागे घेतला. दोन्ही हात एकावर एक ठेवून पोटाशी धरले आणि बाजूला होऊन उभी राहिली, ओट्यापाशी उभी राहायची तशी, ड्रायरपाशी उभी राहायची तशी.

“बरं,” ती म्हणाली.

एप्रिलपासून रोज मी तो शब्द ऐकत होते, आणि मला वाटत होतं तिला पटतंय. मी बॅग ट्रॉलीवर ठेवली.